डिजिटल इंटरकॉम बरोब्बर चार मिनिटं वीस सेकंदांनी मुका होतो (घड्याळ लावून मोजलंय)

क्यूवाली | रात्री ११:५२

मी शो कॉल करते, म्हणजे प्रयोग चालू असताना हेडसेटवरून सगळ्यांना क्यू देते, कुणी काय कधी करायचं ते सांगते. नेटवर्कमधलं मला केबल खोचण्यापलीकडे फारसं कळत नाही हे आधीच सांगून ठेवते, त्या बेतानं उत्तर द्या.

इतकी वर्षं आम्ही अ‍ॅनालॉग पार्टीलाइनवर (सगळे एकाच तारेवर बोलतात-ऐकतात ती इंटरकॉमची लाइन) काम केलं. माइकचीच केबल, तीन पिनांचा एक्सएलआर, एका टोकाला पॉवर देणारं मेन स्टेशन आणि पुढे सगळे बेल्टपॅक (कमरेला अडकवायचे डबे, त्यांना हेडसेट लागतो) माळेसारखे ओवलेले. हम यायचा, कुणीतरी माइक उघडा ठेवून शेंगा सोलल्यासारखा आवाज करत बसायचा, पण लाइन कधी गप्प बसली नाही. आता आठ डिजिटल बेल्टपॅक आलेत. नेटवर्क केबलवर चालतात, पॉवर त्याच केबलमधून घेतात, मध्ये मेन स्टेशन असं काही नाहीच. सगळे आपापसात बोलतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा की आमचा हेच मला शोधायचंय.

मांडणी अशी. माझं डेस्क, लाइट, साउंड आणि व्हिडिओ असे चार पॅक मागच्या बूथमधल्या मोठ्या स्विचवर (नेटवर्क केबली एकत्र येतात तो डबा). तो स्विच व्हिडिओवाल्यांचा, त्यांचे कॅमेरे आणि प्लेबॅकही त्याच्यावरच. दोन्ही विंगा, फ्लाय (वरून पडदे-सेट खालीवर करणारे) आणि ग्रीनरूम हे चार पॅक रंगमंचामागे ठेवलेल्या एका छोट्या स्विचवर. दोन्ही स्विचांमध्ये एक लांब केबल. शिवाय फॉलोस्पॉटवाली (नटामागे झोत फिरवणारी) दोघं अजून जुन्या अ‍ॅनालॉग पॅकवर आहेत, ती एका कन्व्हर्टरमधून नव्या सिस्टीमला जोडलीत. त्याचं रडगाणं वेगळं आहे, नंतर गाईन.

गोडाऊनमध्ये टेबलावर आठही पॅक त्या छोट्या स्विचला लावून दिवसभर चालवले होते. काडीचा त्रास नाही.

आज जागेवर लावलं. पहिल्या अंकाच्या शेवटी माझा सगळ्यात जड क्यू असतो, लाइट, साउंड आणि फ्लाय एकदम. ‘स्टँडबाय लाइट ४७, साउंड २३, फ्लाय १२’ म्हटलं. उत्तर नाही. मला वाटलं सगळे आपापल्या कामात गुंग आहेत, कारण माझा आवाज मला हेडसेटमध्ये स्वच्छ ऐकू येत होता. ‘गो’ म्हटलं. काहीही झालं नाही. नट मंडळी उजेडात तशीच उभी, एकीनं तर हळूच वर बघितलं. मी बूथमधून हात हलवतेय आणि लाइटवाला माझ्यापासून सहा फुटांवर काचेपलीकडे आपल्या पॅककडे बघत बसलाय.

मग तालीम थांबवून वही काढली. कुठला पॅक किती वाजता लावला आणि किती वाजता गप्प झाला:

माझा: ६:१०:०० ला चालू, ६:१४:२० ला गप्प.
लाइट: ६:११:३० ला चालू, ६:१५:५२ ला गप्प.
साउंड: ६:१३:०० ला चालू, ६:१७:१९ ला गप्प.

म्हणजे ज्या क्रमानं लावले त्याच क्रमानं बंद. दरवेळी तेवढ्याच अंतरानं. स्क्रीन चालू, चॅनेलचं नाव दिसतंय, बटण दाबलं की हिरवा दिवा लागतोय. फक्त बाकीच्यांचा आवाज येत नाही. पॅक बंद करून चालू केला की पुन्हा चार मिनिटं वीस सेकंद सुखाची.

आणखी एक विचित्र गोष्ट. विंगेतले चौघं एकमेकांना कायम ऐकतात, त्यांना फक्त आमचा बूथ ऐकू येईनासा होतो. आणि त्या चौघांपैकी कुणीही एकानं आपला पॅक रीस्टार्ट केला की चौघांनाही आम्ही परत ऐकू येतो. बूथमध्ये मात्र ज्यानं रीस्टार्ट केला त्याच्यापुरतंच.

परवा तांत्रिक तालीम आहे. पॅक परत पाठवू का?

---

जुनी_माळ | रात्री १२:१०

कपाटातली जुनी लाइन काढा.

आमच्या क्लिअर-कॉम कंपनीच्या पार्टीलाइनवर पिन १ कॉमन, पिन २ वर ३० व्होल्ट, पिन ३ वर आवाज. संपलं शास्त्र. बिघाड झाला तर मल्टिमीटर घेऊन केबलच्या टोकाला जायचं, ३० व्होल्ट मिळाले की पुढच्या टोकाला. बेल्टपॅकच्या पोटात कॉम्प्युटर घातला की तो कॉम्प्युटरसारखाच वागणार. परवा तालीम आणि आज वहीत सेकंद लिहिताय!

---

डावीकडून_तिसरा | रात्री १२:२१

पॉवर तपासा. आठ पोर्टच्या छोट्या पीओई (केबलमधूनच पॉवर देणाऱ्या) स्विचची एकूण ताकद बऱ्याचदा सगळे पोर्ट पूर्ण भरतील एवढी नसते. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकाच्या हिशोबानं पोर्टमागे १५.४ वॉट, आठांचे झाले १२३. स्विचच्या अंगावर ६० लिहिलेलं असेल तर तो मध्येच एखाद्याचा घास काढून घेतो.

---

स्विचशेजारी | रात्री १२:३४

पॉवर नाही. पॉवर गेली असती तर स्क्रीन विझली असती. आणि सगळ्यात गाजलेला पॅक बूथमधला आहे, छोट्या स्विचवरचा नाही.

क्यूवाली, पॅक कुठेही पाठवू नका. मला जवळपास खात्री आहे, तरी दोन गोष्टी विचारतो.

व्हिडिओवाल्यांचा मोठा स्विच मॅनेज्ड (सेटिंग्ज बदलता येणारा) असणार. त्यांच्याकडून त्याचं पान उघडून घ्या आणि ‘मल्टिकास्ट’ किंवा ‘आयजीएमपी’ नावाच्या भागात काय काय चालू-बंद आहे ते जसंच्या तसं इथे लिहा. आणि त्या नेटवर्कला कुठे राउटर जोडलाय का, की नुसतेच दोन स्विच आहेत?

वही ठेवल्याबद्दल मात्र मानलं. ‘कधी कधी बंद पडतं’ असं लिहिणाऱ्यांना उत्तर द्यायला तीन दिवस जातात.

---

क्यूवाली | सकाळी ९:०५

राउटर नाही. व्हिडिओवाल्या मुलीनं पान उघडून दाखवलं. त्यावर असं आहे:

आयजीएमपी स्नूपिंग: चालू
क्वेरियर: बंद
अननोन मल्टिकास्ट: ड्रॉप
फास्ट लीव्ह: बंद

यातलं मला फक्त चालू आणि बंद कळलं.

जुनी_माळ, तुमची लाइन मलाही प्रिय आहे. पण त्या लाइनवर दोनच चॅनेल होते आणि शेवटच्या प्रयोगात फ्लाय, लाइट आणि सेटबदल असे तिघं एकाच चॅनेलवर एकमेकांवर ओरडत होते. म्हणून तर हे आणलं.

---

स्विचशेजारी | सकाळी ९:४०

सापडलं. सावकाश सांगतो.

तुमच्या सिस्टीममध्ये मेन स्टेशन नाही, म्हणजे तुम्ही बोललात की आवाज आठ जणांना आठ वेळा पाठवला जात नाही. पॅक तो एकदाच, एका गटाच्या पत्त्यावर टाकतो. त्याला मल्टिकास्ट म्हणतात. ज्याला चॅनेल १ ऐकायचा आहे तो पॅक चालू होताना नेटवर्कला सांगतो, ‘मी चॅनेल १ च्या गटात आहे.’

साध्या स्विचला गटबिट काही कळत नाही. तो आलेलं सगळं सगळ्या पोर्टवर ओततो. म्हणून टेबलावर दिवसभर चाललं. मोठा स्विच शहाणा आहे. स्नूपिंग चालू म्हणजे तो या नोंदी कान देऊन ऐकतो, कुठल्या पोर्टवर कोण कुठल्या गटात आहे त्याचा हजेरीपट ठेवतो आणि आवाज तेवढ्याच पोर्टवर सोडतो.

आता हजेरीपट म्हटला की कुणीतरी हजेरी घ्यायला हवी. ते काम क्वेरियरचं. तो ठरावीक वेळानं विचारतो, ‘कोण कोण आहे रे?’ आणि पॅक ‘हजर’ म्हणतात. ‘हजर’ आलं नाही तर स्विच समजतो की हा गेला, आणि नाव खोडतो. एरवी हे काम राउटर करतो. तुमच्याकडे राउटर नाही आणि स्विचमधला क्वेरियर बंद आहे. म्हणजे वर्गात मास्तर नाहीत, हजेरी कुणी घेत नाही, पण गैरहजर म्हणून नाव खोडणारा कारकून मात्र नेमानं बसलाय.

आता तुमचं घड्याळ. या हजेरीचे नियम म्हणजे आयजीएमपी, त्याची दुसरी आवृत्ती १९९७ ची. तिच्यात मुळात ठरलेली मूल्यं अशी: हजेरी दर १२५ सेकंदांनी. एखादी चुकली तरी चालावं म्हणून दोनदा वाट बघायची, झाले २५०. वर उत्तर द्यायला १० सेकंदांची सवलत. एकूण २६० सेकंद. म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद.

विंगेचं कोडंही यातूनच सुटतं. छोटा स्विच साधा आहे, त्याच्यावरचे चौघं एकमेकांना ऐकणारच, तिथे हजेरीपटच नाही. पण मोठ्या स्विचच्या दृष्टीनं ते चौघं मिळून एकच पोर्ट. त्यातल्या कुणीही एकानं रीस्टार्ट करून ‘हजर’ म्हटलं की त्या पोर्टचं नाव पुन्हा पटावर येतं आणि चौघांनाही बूथ ऐकू येतो. बूथमध्ये प्रत्येकाचा पोर्ट वेगळा, म्हणून ज्याचं त्यालाच.

उपाय: क्वेरियर चालू करा. त्यासाठी स्विचला त्याच नेटवर्कमधला स्वतःचा आयपी पत्ता दिलेला असू द्या. पत्ता नसताना काही स्विच ०.०.०.० या नावानं हजेरी घेतात आणि काही उपकरणं अशा निनावी मास्तरांना उत्तरच देत नाहीत. दोन ठिकाणी क्वेरियर चालू झाला तरी भांडण होत नाही, ज्याचा पत्ता लहान तो हजेरी घेतो आणि दुसरा गप्प बसतो.

---

डावीकडून_तिसरा | सकाळी १०:०२

एवढं रामायण कशाला? स्नूपिंगच बंद करा. स्विच साधा होईल, टेबलावर चाललं तसं चालेल.

---

स्विचशेजारी | सकाळी १०:१५

नुसता इंटरकॉम असता तर हरकत नव्हती. पण त्या स्विचवर कॅमेरे आहेत. व्हिडिओ मल्टिकास्टनं जात असेल आणि तुम्ही स्नूपिंग बंद केलंत, तर तो प्रत्येक पोर्टवर ओतला जाईल. एनडीआय (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायची एक पद्धत) घेतलं तर एक एचडी प्रवाह १०० मेगाबिटच्या घरात जातो. बेल्टपॅकचं पोर्ट अनेकदा १०० मेगाबिटचंच असतं. आवाज बुडेल, आणि यावेळी चार मिनिटं थांबणारही नाही.

व्हिडिओ आणि इंटरकॉम वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेली स्वतंत्र नेटवर्कं) टाकणं हे खरं शहाणपण. मग क्वेरियरही इंटरकॉमच्या व्हीलॅनमध्ये चालू हवा, फक्त व्हिडिओच्या नाही. हे मी स्वतः एकदा विसरलोय, पुढचं काय ते विचारू नका.

पान उघडलंच आहे तर एनर्जी एफिशियंट इथरनेट असा पर्याय दिसला की तोही बंद करा. रिकाम्या क्षणी लिंकला डुलकी घ्यायला लावणारा प्रकार आहे. पुढेमागे त्याच स्विचवर दांते (नेटवर्कवरून साउंड नेणारी सिस्टीम) आणलंत तर त्याच्या घड्याळाला या डुलक्या अजिबात चालत नाहीत.

---

एक_कान_उघडा | सकाळी ११:३०

मी साउंडवाला. नेटवर्कचं उत्तर मिळालंय, त्यात हात घालत नाही. पण क्यूवालीताईंच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर सगळे घसरून पुढे गेले: ‘माझा आवाज मला हेडसेटमध्ये स्वच्छ ऐकू येत होता.’

हेडसेटमध्ये आपलाच आवाज येतो तो साइडटोन. जुन्या माळेत तो त्याच तारेवरून यायचा. लाइन तुटली की पॉवरही जायची आणि कान एकदम मेल्यासारखा व्हायचा. तो मेलेला कान हीच आपली धोक्याची घंटा होती. डिजिटल पॅकमध्ये साइडटोन पॅकच्या आतल्या आत तयार होतो. बाहेर नेटवर्क जळून राख झालं तरी तुमचा आवाज तुम्हाला गोडच ऐकू येणार.

आणि तो आतच तयार व्हायला हवा, नाहीतर बोलता येणार नाही. स्वतःचा आवाज उशिरा कानात आला की खटकतो, आणि उशीर वाढला की जीभ अडखळते.

मी टीमला एवढंच सांगून ठेवलंय की ‘स्टँडबाय’ला प्रत्येकानं आपलं नाव घेऊन ‘स्टँडिंग’ म्हणायचंच. नुसता हुंकार नको. उत्तर आलं नाही तर कॉलरनं ‘गो’ म्हणायचं नाही. पूर्वी हा शिष्टाचार होता, आता लाइन जिवंत आहे का बघायची तीच एक चाचणी आहे.

---

क्यूवाली | दुपारी १:४८

स्विचशेजारी, तुमच्या हजेरीपटाला साष्टांग.

क्वेरियर चालू केला, पत्ता दिला. ६:१०चा खेळ पुन्हा मांडला, यावेळी घड्याळ बूथच्या काचेला चिकटवून. चार मिनिटं वीस झाली. पंचवीस झाली. लाइटवाला मुद्दाम श्वास रोखून बसला होता. पाच मिनिटांनी फ्लायवरून आवाज आला, ‘ताई, आता खाली येऊ का?’ वीस मिनिटं झाली, पस्तीस झाली, सगळे ऐकतायत.

एक_कान_उघडा, ते साइडटोनचं वाचून अंगावर काटा आला. मी पंधरा वर्षं न कळत तो मेलेला कान ऐकत होते.

पण (पण असतोच) आता नवीन प्रकार सुरू झालाय. फ्लायवाला चॅनेल १ वरून २ वर गेला, की उजवी विंग, डावी विंग आणि ग्रीनरूम यांना चॅनेल १ वर बूथ ऐकू येईनासा होतो. आपोआप परतही येतो. कधी वीस सेकंदांत, कधी जवळजवळ दोन मिनिटांनी. बूथमधल्या कुणी चॅनेल बदलला तर काहीच होत नाही.

---

स्विचशेजारी | दुपारी २:०५

सकाळच्या यादीत ‘फास्ट लीव्ह: बंद’ होतं. आता काय आहे?

---

क्यूवाली | दुपारी २:११

चालू.

त्याच पानावर होतं आणि ‘फास्ट’ म्हणजे चांगलंच असणार असं वाटलं.

---

स्विचशेजारी | दुपारी २:२०

हसत नाहीये. थोडंसं हसतोय.

एखादा पॅक गट सोडताना ‘मी चाललो’ असं सांगून जातो. एरवी क्वेरियर लगेच विचारतो, ‘या बाजूला अजून कुणी राहिलंय का?’ आणि उरलेले ‘आम्ही आहोत’ म्हणतात. फास्ट लीव्ह म्हणजे ही विचारपूस करायचीच नाही. एकानं ‘चाललो’ म्हटलं की त्या पोर्टचा तो गट तिथल्या तिथे बंद. बूथमध्ये एका पोर्टवर एकच पॅक आहे, तिथे बिघडत नाही. पण विंगेच्या पोर्टमागे चौघं आहेत. फ्लायवाला बाहेर पडला आणि स्विचनं त्याच्यामागे दार लावून घेतलं, बाकीचे तिघं आतच. पुढची हजेरी होईपर्यंत ते अंधारात. ती हजेरी दर १२५ सेकंदांनी, म्हणून तुमचे कधी वीस सेकंद आणि कधी दोन मिनिटं.

बंद करा.

---

क्यूवाली | दुपारी २:३८

केलं. फ्लायवाल्याला दहा वेळा चॅनेल बदलायला लावलं. विंग शाबूत आहे, फ्लायवाला वैतागलाय.

आता ते वेगळं रडगाणं. फॉलोस्पॉटवाली दोघं जुन्या अ‍ॅनालॉग लाइनवर आहेत, मध्ये कन्व्हर्टर. ते जोडलं की आम्हा सगळ्यांना आपलाच आवाज विहिरीत बोलल्यासारखा परत येतो. जुन्या सिस्टीमवर हेच पॅक, हीच केबल, असं कधी झालं नव्हतं. हेही हजेरीचंच का?

---

एक_कान_उघडा | दुपारी ३:१०

नाही, हे माझ्या खात्यातलं.

जुन्या लाइनवर जाणारा आणि येणारा आवाज एकाच तारेवर असतो. नेटवर्कमध्ये जाणं वेगळं, येणं वेगळं. मधल्या कन्व्हर्टरमध्ये हायब्रिड नावाची चीज असते. तिचं काम असं की नेटवर्ककडून आलेला तुमचा आवाज तारेवर सोडायचा, आणि तारेवरून परत घेताना त्यातून तोच आवाज वजा करायचा, म्हणजे उरेल ते फक्त फॉलोस्पॉटवाल्यांचं बोलणं. ही वजाबाकी नीट जमली नाही की तुमचा आवाज तुमच्याकडेच परत येतो. ती जमवण्याला नल करणं म्हणतात.

पूर्वी ऐकू का आलं नाही? कारण पूर्वी वजाबाकी करायला कुणी नव्हतंच, सगळेच एका तारेवर होते आणि परत येणारा आवाज त्याच क्षणी यायचा. तो साइडटोनच वाटायचा. आता तो नेटवर्क ओलांडून जातो आणि परत येतो. तेवढ्या उशिरानं तोच आवाज दुसऱ्यांदा आला की कान त्याला विहीर म्हणतो.

वजाबाकी कशी जमते ते त्या तारेच्या अंगलटीवर ठरतं. केबल किती लांब, किती पॅक लागलेत, टर्मिनेशन (लाइनला लावलेला रेझिस्टर) कुठे आहे. म्हणून नल टेबलावर करून आणायचा नाही. शोला असणार तीच केबल टाका, दोन्ही पॅक लावा, मगच करा. दोन्ही पॅकचे माइक बंद हवेत, नाहीतर हायब्रिड त्यांच्या खोकल्याचीही वजाबाकी करायला बघेल. तुमच्या कन्व्हर्टरला आपोआप नल करायचं बटण असेल तर तो लाइनवर टोन सोडतो, आधी सगळ्यांना हेडसेट काढायला सांगा. नंतर एखादा पॅक वाढवलात किंवा लेव्हल बदललीत तर पुन्हा करा.

आणि टर्मिनेशन तपासाच. क्लिअर-कॉमच्या पद्धतीच्या लाइनला चॅनेलमागे २०० ओहमचं एकच टर्मिनेशन लागतं. तुम्ही जुनं मेन स्टेशन पॉवरसाठी ठेवलंय असं धरतो, म्हणजे ते त्याच्या पोटात आहे. कन्व्हर्टरचंही चालू असेल तर दोन झाली. आवाज दबका येईल आणि नलही मनासारखा बसणार नाही.

---

जुनी_माळ | दुपारी ३:२२

हे बरोबर आहे. दुसरं टर्मिनेशन हा जुना आजार. आमच्याकडे कुणीतरी स्प्लिटरमध्ये रेझिस्टर भरून ठेवला होता, सापडायला एक आख्खा सीझन गेला. लाइन बंद करून पिन १ आणि ३ मध्ये मीटर लावून बघा. त्याला सेकंद मोजावे लागत नाहीत.

---

क्यूवाली | संध्याकाळी ६:१५

जुनी_माळ, तुमचा मीटर कामी आला. कन्व्हर्टरच्या मागे एक बारीक स्विच होता, टर्मिनेशन चालू. तो बंद केला, फॉलोस्पॉटच्या दोघांना शोच्या जागी बसवलं, माइक बंद, सगळ्यांचे हेडसेट टेबलावर, आणि बटण दाबलं. टेबलावरच्या आठ हेडसेटमधून एकदम चिरका सूर निघाला. व्हिडिओवाली मुलगी दचकून खुर्चीवरून उठली. विहीर गेली. अगदी कान देऊन ऐकलं तर तळाशी थोडं पाणी आहे, पण चालेल.

आता फॉलोस्पॉटवालीनं वायरलेस मागितलंय, म्हणजे केबल पायात येणार नाही म्हणे.

---

एक_कान_उघडा | संध्याकाळी ६:४०

जी बसून काम करते तिला केबलच. वायरलेस हलणाऱ्यांसाठी राखून ठेवा, म्हणजे तुमच्या सेटबदलवाल्यांसाठी. चांगले वायरलेस पॅक बऱ्याचदा डेक्टवर (घरच्या कॉर्डलेस फोनचं रेडिओ तंत्र) चालतात, युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०, जिथला जो नियम असेल तो. तिथे हवेतल्या जागा मोजक्या असतात, एका अँटेनावर ठरावीक पॅकच बसतात. बसलेल्या माणसाला त्यातली एक जागा देणं म्हणजे उधळपट्टी.

---

स्विचशेजारी | संध्याकाळी ७:०२

सगळं लागलं ना? मग शेवटचं. क्वेरियर वगैरे बदल केल्यावर स्विचच्या पानावर ‘सेव्ह’ दाबलंत का? बऱ्याच मॅनेज्ड स्विचवर ‘अप्लाय’ केलेलं फक्त चालू असेपर्यंत टिकतं. रात्री पॉवर बंद केली की सकाळी तो पुन्हा जुन्या सवयीला लागतो.

---

क्यूवाली | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९:२४

तुमची पोस्ट आत्ता वाचली.

९:१५ ला सगळं चालू केलं होतं. ९:१९ ला मी लाइटवाल्याला काहीतरी सांगत होते आणि त्याच्याकडून ‘स्टँडिंग’ आलं नाही. काचेतून बघितलं तर तो घड्याळाकडे बोट दाखवत होता.

सेव्ह केलं. मग स्विच बंद करून चालू केला आणि पान पुन्हा उघडून बघितलं, क्वेरियर चालू, फास्ट लीव्ह बंद. तांत्रिक तालीम दहाला आहे.